गादीची भिंतीकडची बाजू

घणसोली गावात तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सुंदराबाईंनी या वयात दोनच गोष्टींना जिवापाड जपलं होतं, नातीला आणि गादीला. नातीला जपण्याचं कारण सांगायची गरज नाही. गादीचं मात्र सांगायला हवं.

सुंदराबाई मूळच्या परतूरकडच्या. जन्म गेला तो गोधडीवर. पोरगा धम्मपाल तुर्भ्याच्या एका कंपनीत चिकटला, त्याचं लग्न झालं, क्रांती नावाची मुलगी झाली आणि मग त्याने मायला इकडे आणलं. माय येणार म्हणून त्याने खाली सामान ठेवायचा बॉक्स असलेला पलंग घेतला आणि त्यावर चांगली वीतभर जाड, कंपनीची गादी घेतली. दुकानदाराने दहा वर्षांची गॅरंटी दिली आणि जाता जाता सांगितलं की एक डाग जरी पडला तरी गॅरंटी विसरा. त्यामुळे गादी ज्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली, ते धम्मपालने काढूच दिलं नाही. वरून चादर घाला आणि झोपा, म्हणजे नवीकोरी राहील, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे टीव्हीच्या रिमोटपासून रिक्षाच्या सीटपर्यंत सगळं प्लास्टिकमध्ये म्हातारं होतं, तर गादीनेच काय घोडं मारलंय?

सुंदराबाईंनी हे व्रत धम्मपालपेक्षा कडक पाळलं. गादीवर बसून चहा प्यायचा नाही, ओल्या पायाने चढायचं नाही. पाहुणा आला तर त्याला खुर्ची. गावाकडे असताना गोधड्यांना दर आठ-पंधरा दिवसांनी ऊन दाखवणारी, धम्मचक्र दिनाच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन बडवून धुणारी ही बाई. पण गादीच्या बाबतीत तिने हात आखडता घेतला. ती कंपनीची वस्तू. तिला हलवायचं, उलटं करायचं, वारा द्यायचा, हे सुंदराबाईंच्या मनातही आलं नाही. शिवाय ऊन दाखवणार तरी कुठे? खोलीच्या मागे हातभर बोळ, पलीकडे दुसऱ्या बिल्डिंगची पाठ, आणि बोळात वरच्या चार मजल्यांचे पाईप बाराही महिने ठिबकत असत. पलंग त्याच भिंतीला चिकटवलेला, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. बॉक्सचं कडेचं दार उघडलं की कुबट वास यायचा. सुंदराबाईंनी आत डांबराच्या गोळ्या टाकल्या, मग गोळ्यांचा वास येऊ लागला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

मग सुंदराबाईंना खोकला लागला.

खोकला कुणाला लागत नाही? दुसरी एखादी असती तर हळद-दूध प्यायली असती आणि चार घरी सांगत फिरली असती. सुंदराबाईंची मात्र पहिल्या आठवड्यातच पाचावर धारण बसली. त्याला कारण होता त्यांचा नवरा, दत्तू. धम्मपाल पाळण्यातून नुकता उतरला होता तेव्हा दत्तूला असाच खोकला लागला. महिना गेला, दोन गेले. भाऊबंद कुजबुजायला लागले. तालुक्याच्या बाजाराला बसणाऱ्या एका डॉक्टरने लांबूनच बघून मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ गावाने लावला, टीबी. दिराने सांगितलं, लेकरू लहान आहे, वहिनी. त्या दिवशी सुंदराबाईंनी दत्तूचं अंथरूण उचललं आणि गोठ्यात नेऊन टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोराला दारापर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही. दत्तू पुढचा पावसाळा बघायला राहिला नाही.

तेव्हा आता स्वतःच्या छातीत घरघर सुरू झाल्यावर या बाईच्या डोक्यात दुसरा विचार येणार कुठून? इतकी वर्षं तो आजार अंगात दबा धरून बसला होता आणि आता उठला, असं त्यांनी पक्कं धरलं. आडवं पडलं की खोकला यायचा. त्या तोंडात पदर कोंबून मोरीत जायच्या, नळ सोडायच्या आणि पाण्याच्या आवाजात खोकून घ्यायच्या. सकाळी थुंकी बघायच्या. एकदा तिच्यात लाल रेघ दिसली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोट घालून पाहिलं तर रक्त हिरडीचं होतं, पण त्या दिवशी त्यांना भाकरी गिळवली नाही. स्वतःचं ताट त्या स्वतःच घासू लागल्या, पेला वेगळा ठेवू लागल्या, आणि सून सोनमने विचारलं तर तुला कामावरून आल्यावर कशाला त्रास म्हणून वेळ मारून नेऊ लागल्या. सोनम ऐरोलीला एका ऑफिसात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती. दिवसभर माणसं हाकून येणारी पोरगी, तिला कळत नसेल असं मानणं भाबडेपणाचं होतं. पण भेदरलेल्या माणसाला भाबडं व्हायला वेळ लागत नाही.

सांगितलं तर काय होईल, याचं चित्र सुंदराबाईंसमोर तयार होतं. गोठा नाही, पण ओटा आहे. किंवा गावी पाठवतील. गावी तर आता भिंती तेवढ्या उरल्यात. आणि क्रांतीला जवळ घेता येणार नाही, हे तर सगळ्यांत आधी.

क्रांती पहिलीत होती आणि आजीजवळच झोपायची, त्या गादीवर. पलंगावर आजी-नात, खाली धम्मपाल आणि सोनम, अशी त्या खोलीची व्यवस्था. पोरगी आजीच्या गळ्यात हात टाकल्याशिवाय झोपत नसे. आता सुंदराबाईंना त्या हाताचीच भीती वाटू लागली. दूर लोटावं तर पोर रडेल, पोर रडली तर सोनम विचारेल. मग त्यांनी एक उपाय काढला. पोरीला भिंतीच्या बाजूला घेतलं, स्वतः कडेला सरकल्या आणि सांगितलं, भिंतीकडं तोंड करून नीज, चांगली स्वप्नं पडतात. मधे उशी ठेवली. आपला श्वास तिकडे जायचा नाही, म्हणून स्वतः दाराकडे तोंड केलं. त्या रात्री त्यांना जरा बरं वाटलं.

दोन-तीन आठवड्यांत क्रांती खोकायला लागली.

कोरडा, ढास लावणारा खोकला, आणि तोही झोपल्यावरच. सुंदराबाईंच्या काळजात धस्स झालं. आपलं झालं ते झालं, पण लेकराला दिलं. हे वाक्य त्यांच्या डोक्यात दिवसरात्र फिरू लागलं. भाजी निवडताना, पोरीची वेणी घालताना, शाळेच्या फाटकात उभं असताना. वेणी घालताना त्या श्वास धरून ठेवायच्या. पोर म्हणायची, आजी तू बोलत का नाहीस? पोरीला त्यांनी आणखी भिंतीकडे सरकवलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त ढकलणारा हात मायेचा होता.

एका संध्याकाळी क्रांतीचा दम कोंडला. छाती वर-खाली होत होती आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती. धम्मपाल सेकंड शिफ्टला होता. सोनमने पोर खांद्यावर टाकली आणि सुंदराबाई चपला न घालताच मागे धावल्या. डॉक्टर गीतांजली यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. त्यांनी आधी पोरीच्या तोंडावर वाफेचा मास्क लावला, पोर जरा शांत झाली, आणि मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "घरात आणखी कुणाला खोकला आहे का?"

सुंदराबाई बाकावर बसल्या होत्या. तोंड उघडायचं होतं.

"नाही, मॅडम," सोनम म्हणाली. "कुणालाच नाही."

सुंदराबाईंनी मान खाली घातली. पोरीच्या छातीची शिट्टी ऐकू येत असताना ही बाई गप्प बसली. भीती माणसाला कुठवर नेते, याला दुसरा पुरावा नको.

पण त्याच भीतीने त्यांना दुसऱ्या दिवशी उठवलंही. क्रांतीला शाळेला सुट्टी होती, सोनमने रजा टाकली होती. मीठ आणते असं सांगून सुंदराबाई निघाल्या त्या थेट दवाखान्यात. तिथेही आधी ताकाला जाऊन भांडं लपवणं झालंच. आमच्या गावाकडे एक बाई आहे, तिला असं असं होतं, अशी सुरुवात केली. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग सुंदराबाईंचाच खोकला मधे आला आणि गावाकडची बाई तिथेच संपली.

"काल माझ्या सुनेनं खोटं न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिला ठावंच न्हाई. खोकला मला हाय. लेकराला म्याच दिला."

डॉक्टरांनी छाती तपासली. नवऱ्याची हकीगत ऐकली आणि सरळ विचारलं, त्याची थुंकी तपासली होती का, छातीचा फोटो काढला होता का, सहा महिने गोळ्या दिल्या होत्या का. असलं काही झालंच नव्हतं. एका माणसाने लांबून मान हलवली होती, बस्स. मग डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधी जास्त येतो? आडवं पडलं की. मधे कुठे गावाला गेला होतात? हो, पोळ्याला चुलत दिराकडे. तिकडे? तिकडे आलाच नाही. सुंदराबाईंनी त्याचा अर्थ असा लावला होता की आजार आपल्याला खेळवतोय.

तिकडे कशावर झोपला होतात, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, गोधडीवर, ओट्यावर. आणि इथे? इथे गादीवर, असं सांगताना एवढ्या घबराटीतही त्यांच्या आवाजात थोडा तोरा आलाच. डॉक्टरांनी सांगितलं की महापालिकेच्या केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या, फोटो काढा, त्याशिवाय मी काहीच ठरवणार नाही. आणि घरी जाऊन ती गादी एकदा उचलून बघा.

गादीचं कुणाच्या लक्षात राहणार? तपासणी म्हटल्यावरच सुंदराबाईंच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या होत्या. संध्याकाळी धम्मपाल घरी असताना त्यांनी दाराची चौकट धरून सगळं सांगून टाकलं. धम्मपालचा चेहरा पांढरा पडला. सोनम कणीक मळत होती, तिचे हात परातीतच थांबले आणि तिने वर पाहिलं नाही. त्या न पाहण्याचा सुंदराबाईंनी जो अर्थ लावायचा तो लावला. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बॉक्समधून आपली जुनी गोधडी काढली, झटकली आणि बाहेर ओट्यावर अंथरली. धम्मपाल आत चला म्हणत राहिला. त्या आल्या नाहीत. स्वतःचं अंथरूण स्वतःच बाहेर नेलेलं बरं, निदान नेणाऱ्याचे हात कापत नाहीत.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्या घरात कुणीच धड जेवलं नाही. ओट्यावर सुंदराबाईंचा खोकला कमी झाला, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं, कमी झालेल्या खोकल्याचीही त्यांना भीती वाटली. मालकीण सरस्वती काकी येता-जाता विचारायची, आजी, भायेर का झोपतंस, आत उकारतंय का? सुंदराबाई हो म्हणायच्या. आत पोर गादीवर एकटी, भिंतीकडे तोंड करून. आता तिला तशी सवयच झाली होती.

रिपोर्ट आला. सुंदराबाईंना टीबी नव्हता. थुंकी स्वच्छ, फोटो स्वच्छ. धम्मपालने तो कागद दोनदा वाचला आणि गल्लीतच उभा राहून डोळे पुसले. सुंदराबाईंना वाटलं होतं आपण हसू, रडू, काहीतरी होईल. पण त्यांच्या मनात दुसराच विचार आला. मग पोर का खोकते? आणि तेव्हा कुठे त्यांना गादीची आठवण झाली.

धम्मपाल नाखूशच होता. गादी घेऊन जेमतेम दोन-अडीच वर्षं झाली, डाग नाही, खड्डा नाही, बघायचं काय त्यात? तरी त्याने आणि सोनमने मिळून ती भिंतीपासून ओढली आणि उभी केली.

वास आधी आला. प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब धरले होते, आणि भिंतीकडची सगळी बाजू काळी-हिरवी झाली होती. जुन्या भाकरीला बुरशी धरते तशी, ठिपका ठिपका करत आतपर्यंत गेलेली. खालचं प्लायवूड फुगून आलं होतं. जिथे क्रांतीचं डोकं असायचं, तिथे ती काळी बाजू सगळ्यांत दाट होती. शिवणीपाशी प्लास्टिक फाटलं होतं, आणि त्या फाटीतून ती बुरशी पोरीच्या नाकाशी रोज हजर होती.

लेकराला आपल्या श्वासापासून वाचवायला सुंदराबाईंनी हाताने धरून तिथे निजवलं होतं.

धम्मपाल अजूनही हिशेबात होता. फिनेलने पुसू, मालकांना सांगून गच्चीवर दोन दिवस ऊन देऊ, गॅरंटीचं बघू, असं काहीबाही बोलत होता. सोनमने त्याच्याकडे लक्ष न देता डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टरांनी सांगितलं की वरचा ओलावा उन्हाने जातो, आत शिरलेली बुरशी जात नाही, गादी टाका. गादी किती जुनी हे बघायचंच नसतं. वास येतो का, डाग आतून फुटलेत का, मधे दबली का, आणि दुसरीकडे झोपलं की बरं वाटतं का, एवढं बघायचं. चारातलं एकही उत्तर हो आलं की तिचे दिवस भरले. नवी आणाल तेव्हा आधी प्लास्टिक काढा आणि सुती खोळ घाला. पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवा, मधूनमधून गादीची डोक्याची बाजू पायाकडे करा, बॉक्स उघडून वारा द्या. क्रांतीला महिनाभर श्वासाचा पंप घ्यावा लागेल, पण ती बरी होईल.

बरी होईल, हे सुंदराबाईंनी सोनमकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

गादी टाकायचीही सोय नव्हती. घंटागाडीवाला म्हणाला, हे आमच्यात येत नाही. भंगारवाल्याने लांबूनच हात हलवला. शेवटी धम्मपाल कुणाचा टेम्पो मिळतो का बघायला गेला, आणि ती गादी गल्लीच्या कडेला उभी राहिली. सरस्वती काकी येऊन बघून गेली आणि भिंतीला पानी हाय, हे आमच्या मालकाला कवाचं सांगतंय मी, असं म्हणून मोकळी झाली. क्रांती खाली सतरंजीवर झोपली होती. दुपारची वेळ होती. सोनम आणि सुंदराबाई ओट्यावर बसल्या.

मग सुंदराबाईंनीच विषय काढला. म्या लपवलं, सोनम, तुला अंधारात ठेवलं, तुला खोटं पाडलं डॉक्टरपाशी.

"मला माहीत होतं," सोनम म्हणाली.

सुंदराबाईंना आधी कळलंच नाही.

"तुमी नळ सोडायच्या ना, आई. तो आवाज मला रोज यायचा. पहिल्यापासून. ताट वेगळं केलं तेव्हा तर सगळंच कळलं. यांच्या वडलांचं त्यांनीच सांगितलेलं मला." ती समोरच्या गादीकडे बघत बोलत होती. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी माहीत असून नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर त्या बोलल्या असत्या, आजीला वेगळं ठेवा. आणि मग तुमचं अंथरूण मला उचलावं लागलं असतं. माझ्याच्यानं ते झालं नसतं. लोक काय बोलतील त्याचं पण टेन्शन होतं, खोटं का बोलू. पण जास्त त्या अंथरुणाचं."

"आन् पोर?" सुंदराबाई म्हणाल्या. "पोरीला तरी खाली घ्यायचं तुझ्याजवळ."

"घेतली असती तर तुमाला समजलं असतं, मला माहीत आहे म्हणून."

सुंदराबाईंच्या अंगावर काटा आला. एका खोलीत, एका छताखाली, दोघी बायका एकमेकींना जपत त्या पोरीला रोज रात्री त्या गादीवर ठेवत होत्या. एक नळ सोडून आणि एक झोपेचं सोंग घेऊन. आज नशिबाने बुरशीवर निभावलं. खरंच तो आजार असता तर? हे मनात आलं तेव्हा त्या आतापर्यंत घाबरल्या नव्हत्या इतक्या घाबरल्या.

सोनम रडत होती. रोज तेच वाटायचं, म्हणाली, की मी आईला वाचवतेय का पोरीला मारतेय.

सुंदराबाईंनी तिचा हात धरला. धरला तो घट्टच, जरा दुखेल असा.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्याला म्या काही सांगितलं न्हाई. तो रानात गेला तवा अंथरूण नेऊन टाकलं गोठ्यात, बस्स. संध्याकाळी आला, बघितलं आन् काही न बोलता तिकडं जाऊन बसला. कुणी तपासलं न्हाई त्याला. आता तर मला हेबी ठावं न्हाई की त्याला झालं काय होतं." त्यांनी आत झोपलेल्या क्रांतीकडे मान वळवली. "माझ्यापायी पोर पणाला लावायची न्हाई. पुन्हा कवा तशी येळ आली तर काढ मला बाहेर. पण तोंडावर सांगून काढ."

सोनमने मान हलवली.

आत क्रांती खोकली, आणि दोघी एकदमच उठल्या.